एकदा जुळून न भागणारे हाड

मोडलेले हाड नीट बसवून स्थिर ठेवले की काही आठवड्यांत जुळते, आणि वय जितके कोवळे तितके लवकर जुळते, हा अनुभव इतका पक्का आहे की लहान मुलाचा पाय मोडल्याचे ऐकून घरातील वडीलधारी माणसे फारशी धास्तावत नाहीत. नडगीच्या हाडाचा एक दुर्मिळ जन्मजात विकार मात्र या अनुभवाला जुमानत नाही. या विकारात नडगी जन्मतःच वाकलेली असते किंवा पहिल्या वर्षात वाकू लागते, मूल उभे राहू-चालू लागण्याच्या सुमारास ती किरकोळ धक्क्याने, कधी कधी तेवढ्याही कारणाशिवाय मोडते, आणि मग प्लास्टर कितीही महिने ठेवले तरी जुळत नाही. मोडल्या जागी हाडाऐवजी जाड तंतुमय ऊतक साचते, दोन्ही टोके झिजून निमुळती होतात, आणि गुडघा व घोटा यांच्या दरम्यान, जिथे सांध्याचे काही कामच नाही अशा जागी, पाय सांध्यासारखा हलू लागतो. या खोट्या सांध्यावरूनच विकाराला ‘कॉन्जेनायटल स्यूडार्थ्रोसिस ऑफ द टिबिया’ हे नाव मिळाले असून टिबिया म्हणजे नडगीचे मोठे हाड होय.

सुमारे १ लाख ४० हजार ते अडीच लाख जन्मांमागे एका बाळाला हा विकार असतो, असा अंदाज वैद्यकीय ग्रंथांत दिलेला असतो. म्हणजे गावोगावच्या दवाखान्यांतील बहुतेक डॉक्टरांना तो उभ्या आयुष्यात पाहायला मिळत नाही, आणि सर्वसाधारण अस्थिशल्यविशारदाच्या वाट्यालाही असे एखाददुसरेच मूल येते. इतक्या विरळ आजारावर दीर्घ लेख कशासाठी, असा प्रश्न वाचकाला पडू शकतो. त्याचे उत्तर असे की, या आजारात शस्त्रक्रियेचे यश मोजण्याची रीतच वेगळी आहे. हाड जुळले की रुग्ण बरा झाला, असे येथे म्हणता येत नाही; मुलाची वाढ पुरी होईपर्यंत, म्हणजे मुलींत सुमारे चौदाव्या आणि मुलांत सुमारे सोळाव्या वर्षापर्यंत, ते जुळलेले राहिले तरच ते यश. त्यामुळे कुशल हात आणि चांगले रुग्णालय एवढ्याने भागत नाही. दहा-बारा वर्षे चालणारे उपचार एका कुटुंबाला कसे पेलतील, हाही शस्त्रक्रियेचाच भाग ठरतो.

गुडघ्याखाली पायात दोन हाडे असतात. पुढचे जाड हाड अंगाचा भार पेलते, तीच नडगी. तिच्या बाहेरच्या बाजूला पोटरीचे बारीक हाड, म्हणजे फिब्युला असते, आणि त्याचे खालचे टोक घोट्याच्या बाहेरचा उंचवटा बनून सांध्याला आधार देते. नडगीच्या पुढच्या अंगावर कातडीखाली स्नायूंचे आच्छादन नसते, आणि खालच्या तिसऱ्या भागात रक्तपुरवठाही तुलनेने बेताचा असतो. हा विकार बहुतेक वेळा नेमका तेथेच, मधला आणि खालचा तिसरा भाग जिथे मिळतात तिथे दिसतो. पोटरीचे स्नायू मागून सतत ओढत असल्याने एकदा पुढे आलेला बाक वाढतच जातो, आणि बाक वाढला की प्रत्येक पावलाला हाडाच्या फुगलेल्या बाजूवर ताण पडत राहतो. पुष्कळ मुलांत पोटरीचे बारीक हाडही याच विकाराने ग्रासलेले असते, आणि ते मोडले की घोट्याचा बाहेरचा आधार वर सरकून पाऊल बाहेर कलू लागते.

बाकाच्या दिशेला या विकारात फार महत्त्व आहे, आणि घरच्यांनी, अंगणवाडी ताईंनी व परिचारिकांनी लक्षात ठेवावे असे या लेखात एकच काही असेल तर ते हेच. बाळाची नडगी तीन निरनिराळ्या दिशांना वाकलेली असू शकते. ती मागे आणि आतल्या बाजूला वाकलेली असेल आणि पाऊल वर वळून नडगीला टेकत असेल, तर दिसायला ते भयंकर असले तरी तो बाक पहिल्या काही वर्षांत बहुतांशी आपोआप सरळ होतो. पुढे पायाच्या लांबीत काही सेंटिमीटरचा फरक राहतो, तेवढ्यावर लक्ष ठेवावे लागते. पुढे आणि आत बाक असेल तर बहुधा पोटरीचे बारीक हाड जन्मतः अपुरे किंवा नाहीसे असते, आणि त्याचे उपचार वेगळे आहेत. पुढे आणि बाहेरच्या बाजूला आलेला बाक मात्र धोक्याचा, कारण खोट्या सांध्याची वाट बहुधा त्यातूनच जाते. पहिल्या प्रकारच्या बाकासाठी ‘मोठेपणी सरळ होईल’ हे म्हणणे खरे आहे. दुर्दैवाने तेच वाक्य तिसऱ्या प्रकारच्या बाळांच्या आईवडिलांनाही ऐकवले जाते.

या विकाराची मुळे हाडाच्या बाहेर शोधावी लागतात. खोटा सांधा झालेल्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना ‘न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप १’ हा जनुकीय आजार असतो. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ फ्रीडरिश फॉन रेकलिंगहाउझेन यांनी १८८२ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले, आणि सतराव्या गुणसूत्रावरचे त्याचे जनुक १९९० मध्ये सापडले. सुमारे ३ हजार जन्मांमागे एकाला असणारा हा आजार तसा दुर्मिळांतला सर्रास म्हणावा असा आहे. तो असणाऱ्या शंभर जणांपैकी दोन-चार जणांच्याच नडगीला हा विकार होतो. या जनुकापासून बनणारे प्रथिन पेशींच्या वाढीला लगाम घालते. प्रत्येक पेशीत जनुकाच्या दोन प्रती असतात, आणि या आजारात त्यांपैकी एक जन्मतःच निकामी असते. खोट्या सांध्याच्या जागच्या ऊतकाची तपासणी केली असता काही रुग्णांत तेथील पेशींमधली दुसरी प्रतही निकामी झालेली आढळली आहे, ज्यावरून पायाच्या एवढ्याशा भागातच विकार का होतो याचा थोडा उलगडा होतो. तेथे हाडाभोवतीचे वेष्टन जाड तंतुमय पट्ट्यासारखे होते, त्यातील बारीक रक्तवाहिन्या अरुंद होतात, हाड बनवणाऱ्या पेशी मंदावतात आणि हाड खाणाऱ्या पेशी जोर धरतात. मोडलेले हाड मग जुळावे कसे?

त्या जनुकीय आजाराची घरबसल्या दिसणारी खूण कातडीवर असते. दुधाळ कॉफीच्या रंगाचे सपाट चट्टे अंगावर दिसतात, आणि वयात येण्यापूर्वी ५ मिलिमीटरहून मोठे असे सहा किंवा अधिक चट्टे असतील तर या आजाराची शंका घेतात. चट्टे पहिल्या दोन-तीन वर्षांत एकेक करून उमटत जात असल्याने तान्ह्या बाळाच्या अंगावर ते पुरते नसले म्हणून नडगीचा बाक निर्धोक ठरत नाही. निदान झाल्यावर मुलाची नजर आणि रक्तदाब यांचीही वेळोवेळी तपासणी करावी लागते. निम्म्या रुग्णांच्या घराण्यात पूर्वी कोणालाच हा आजार नसतो, कारण जनुकातला बदल त्या मुलातच प्रथम घडलेला असतो. उरलेल्यांना तो आई किंवा वडील यांच्याकडून येतो, आणि ज्यांना तो आहे त्यांच्या प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता पन्नास टक्के असते. ग्रहणात आईने काही चिरले किंवा बाहेर पडली म्हणून बाळाच्या अंगात व्यंग आले, ही समजूत महाराष्ट्रात अजून पुरती गेलेली नाही. या विकाराचा ग्रहणाशी, आईच्या खाण्यापिण्याशी वा बाळंतपणाशी संबंध नाही. हे डॉक्टरांनी सासूच्या देखत, स्पष्ट शब्दांत सांगावे. त्याने हाड जुळणार नाही, पण पुढच्या दहा वर्षांचा भार वाहणाऱ्या बाईवरचा एक भार तरी उतरेल.

इंग्लंडमधील शल्यविशारद सर जेम्स पॅजेट यांनी १८९१ मध्ये मुलांमधील न जुळणाऱ्या अस्थिभंगांविषयी लिहिले, आणि १९३७ मध्ये फ्रान्समध्ये द्युक्रोके यांनी नडगीचा हा विकार व न्यूरोफायब्रोमॅटोसिस यांचे नाते दाखवून दिले. मधल्या काळात आणि नंतरही प्रयत्न होत राहिले ते बहुतेक एकाच दिशेने: दुसरीकडून हाड घ्यायचे, तुटल्या जागी भरायचे, आणि ते टिकेल अशी आशा धरायची. अमेरिकेतील हॅरल्ड बॉइड यांनी १९४१ मध्ये तुटल्या जागेच्या दोन्ही अंगांना हाडाच्या दोन फळ्या बसवण्याची रीत सांगितली. ब्रिटनमधील मॅक्फार्लंड यांनी १९५१ मध्ये नडगी मोडण्यापूर्वीच बाकाच्या मागच्या बाजूने हाडाची एक आडवाट तयार करून भार तिकडे वळवण्याचा उपाय मांडला. या उपायांनी काही मुलांचे पाय वाचले, पण पुष्कळदा भरलेले हाडच विरघळून गेले, कारण ज्या रोगट वेष्टनामुळे हाड जुळत नव्हते ते तिथेच राहात होते.

खुब्याचा कृत्रिम सांधा घडवणारे म्हणून जग ज्यांना ओळखते त्या सर जॉन चार्न्ली यांनी १९५६ मध्ये या विकारात हाडाच्या पोकळीतून धातूची सळई घालण्याचा अनुभव प्रसिद्ध केला. सळई आतून आधार देते, बाक पुन्हा येऊ देत नाही आणि जुळलेल्या हाडालाही आयुष्यभर साथ देऊ शकते. पुढे ऑस्ट्रेलियातील पीटर विल्यम्स यांनी या पद्धतीला व्यवहार्य रूप दिले. सळई टाचेतून वर, घोट्याच्या सांध्यातून नडगीत नेली जाते, त्यामुळे खालचा आखूड तुकडाही पक्का धरला जातो. मूल वाढते तशी नडगी खालच्या बाजूने लांबते, सळईचे टोक सापेक्षतः वर जाते, आणि काही वर्षांत घोटा मोकळा होतो. तोवर घोटा ताठ राहतो, हा या पद्धतीचा तोटा. पण दोन वर्षांच्या मुलाच्या नडगीचा खालचा तुकडा दीड-दोन बोटांएवढाच असताना दुसरे काही त्याला धरूही शकत नाही.

भारतीय वाचकाच्या दृष्टीने या इतिहासातले सर्वांत जवळचे पान मणिपालचे आहे. तेथील कस्तुरबा मेडिकल कॉलेजमधील डॉ. बेंजामिन जोसेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोगट भाग पूर्ण कापून काढणे, टाचेतून सळई घालणे आणि मुलाच्या दुसऱ्या, निरोगी नडगीवरून कडक हाडाची पट्टी काढून ती जुळवायच्या जागेवर बसवणे, अशी तिपेडी शस्त्रक्रिया वर्षानुवर्षे केली, आणि तिचे निष्कर्ष २००० पासून आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत मांडले. या कामाचे वेगळेपण वयाच्या प्रश्नात आहे. मूल तीन वर्षांचे, शक्यतो पाच वर्षांचे होईपर्यंत थांबावे, असे युरोपातील बहुतेक शल्यविशारदांचे मत होते, कारण लहान वयात अपयश अधिक येते असा समज होता. मणिपालच्या संघाने २००३ मध्ये तीन वर्षांखालील मुलांवरील शस्त्रक्रियांचा वेगळा आढावा घेऊन लवकर शस्त्रक्रिया करण्याची बाजू मांडली. पाय जितकी वर्षे मोडका व बिनवापराचा राहतो तितकी त्याची वाढ खुंटते आणि पाऊल वाकडे होत जाते, हे त्यामागचे तर्कशास्त्र. पुढे २०११ मध्ये त्यांनी वाढ पूर्ण झालेल्या रुग्णांचा हिशेब दिला. असे हिशेब विरळा असतात, आणि या रोगात खरे मोल त्यांनाच आहे, कारण शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनी काढलेला सुंदर एक्स-रे फारसे काही सिद्ध करत नाही.

हाड उपलब्ध करण्याची दुसरी दिशा सूक्ष्मशल्यक्रियेने १९७०च्या दशकात दाखवली. दुसऱ्या पायातील पोटरीच्या बारीक हाडाचा तुकडा त्याच्या रक्तवाहिन्यांसह काढून रोगट जागी बसवायचा आणि दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या त्या वाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली शिवून जोडायच्या, अशी ही शस्त्रक्रिया आहे. जिवंत रक्तपुरवठा घेऊन आलेले हाड विरघळत नाही, म्हणून मोठी पोकळी भरून काढायला ती उपयोगी ठरते. परंतु निरोगी पायाचा घोटा कालांतराने कलण्याचा धोका तिच्यात असतो, आणि चांगला पायही पणाला लावायचा का, या प्रश्नापाशी पुष्कळ आईवडील अडखळतात. त्यांचे अडखळणे अडाणीपणाचे नाही. शल्यविशारदांमध्येही या प्रश्नावर एकमत नाही.

तिसरी दिशा सायबेरियातून आली. कुर्गान या गावी गाव्रिल इलिझारोव्ह यांनी १९५१च्या सुमारास पायाभोवती धातूची कडी, त्यांना ताणून बांधलेल्या आणि हाडातून आरपार जाणाऱ्या बारीक तारा, आणि कड्यांना जोडणाऱ्या आटे असलेल्या दांड्या अशी चौकट तयार केली. हाड एका जागी हलकेच कापून, काही दिवस थांबून, दररोज एक मिलिमीटर या वेगाने आणि तोही चार हप्त्यांत वाटून, दोन टोके दूर नेली तर मधल्या जागेत नवे हाड तयार होते, हा त्यांचा शोध. पश्चिम युरोपाला त्याची खरी ओळख झाली ती एका इटालियन गिर्यारोहकामुळे. कार्लो माउरी यांची नडगी अपघातानंतर वर्षानुवर्षे नीट जुळली नव्हती. कुर्गानला जाऊन ती बरी झाल्यावर त्यांच्या देशातील शल्यविशारदांनी १९८१ मध्ये इलिझारोव्ह यांना इटलीत व्याख्यानाला बोलावले. तेथून ही चौकट जगभर पसरली, भारतातही आली, आणि महाराष्ट्रात मुंबईबाहेरही तिला घर मिळाले: अकोल्यात डॉ. मिलिंद चौधरी यांनी या पद्धतीचे केंद्र उभे केले. नडगीच्या खोट्या सांध्यात या चौकटीचा दुहेरी उपयोग असतो: खाली रोगट भाग काढून टोके एकमेकांवर दाबून धरता येतात आणि वर गुडघ्याजवळ हाड लांबवून आखूड पाय भरून काढता येतो.

युरोपातील बालअस्थिशल्यविशारदांच्या संघटनेने केलेल्या बहुकेंद्री अभ्यासाचे निष्कर्ष २००० मध्ये प्रसिद्ध झाले. ३४० रुग्णांच्या या अभ्यासात इलिझारोव्ह पद्धतीने हाड जुळण्याचे प्रमाण सर्वांत अधिक, सुमारे पंचाहत्तर टक्के आढळले. आकडा आशादायक आहे, पण त्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे: उत्तम पद्धतीनेही चारांतल्या एका मुलाचे हाड जुळले नव्हते, आणि जुळलेल्यांपैकी किती पुन्हा मोडले हा प्रश्न त्या टक्केवारीत येत नाही. चौकट काढली की हाडाला आतून आधार राहत नाही, हीच तिची उणीव. म्हणून पुढे सळई आणि चौकट दोन्ही एकत्र वापरण्याकडे कल झुकला. मुंबईचे बालअस्थिशल्यविशारद डॉ. मंदार आगाशे यांनी दक्षिण कोरियातील सहकाऱ्यांसह २०१२ मध्ये या एकत्रित पद्धतीवरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला.

गेल्या दोन दशकांत सर्वाधिक चर्चा झाली ती नडगी आणि पोटरीचे हाड एकमेकांना जोडून टाकण्याची. दक्षिण कोरियातील इन हो चोई आणि अमेरिकेतील ड्रॉर पेली यांनी आपापल्या रीतीने मांडलेल्या या विचाराचा गाभा साधा आहे. जुळणारे हाड बारीक राहिले तर ते पुन्हा मोडते, म्हणून दोन्ही हाडांच्या मधली जागा हाडाने भरून तेथे एकच जाड खांब तयार करायचा. जाडी वाढली की ताण पेलण्याची ताकद झपाट्याने वाढते. पेली यांच्या पद्धतीत रोगट वेष्टन पूर्ण काढणे, सळई, कमरेच्या हाडातून घेतलेले भरपूर हाड आणि औषधे यांची जोड असते. औषधांपैकी झोलेड्रोनिक ॲसिड हे मुळात हाडांची झीज थांबवण्यासाठीचे इंजेक्शन हाड खाणाऱ्या पेशींना रोखते, तर प्रयोगशाळेत तयार केलेले हाडवर्धक प्रथिन जोडणीच्या जागी ठेवले जाते. हे प्रथिन अत्यंत महाग असून मुलांमध्ये त्याचा वापर मान्यताप्राप्त वापराच्या बाहेरचा आहे, त्यामुळे ते वापरायचे असेल तर पालकांना आधी सगळे समजावून सांगणे बंधनकारक मानायला हवे. या पद्धतीचे प्रसिद्ध झालेले निष्कर्ष आधीच्या सर्व पद्धतींपेक्षा चांगले आहेत. तरीही ज्या मुलांवर ती झाली त्यांतील पुष्कळांची वाढ अद्याप पूर्ण व्हायची आहे, हे विसरून चालणार नाही.

मोडण्यापूर्वीच बाक लक्षात आला, तर काय करायचे याहून काय करायचे नाही हे अधिक महत्त्वाचे ठरते. पुढे-बाहेर वाकलेली नडगी ‘सरळ करून घेण्यासाठी’ कापली की ती जुळत नाही, आणि ज्या मुलाचा पाय कदाचित आणखी काही वर्षे शाबूत राहिला असता त्याच्या पायात खोटा सांधा माणसाच्या हाताने तयार होतो. त्यातून तुकडा काढून तपासणीला पाठवणेही तितकेच घातक. हाडवैद्याकडे नेऊन पाय ओढून बांधून घेण्याने बाक जात नाही, आणि तसे करताना हाड मोडू शकते. गुडघ्यापासून टाचेपर्यंत पाय धरून ठेवणारा हलका प्लास्टिकचा आधार, ज्याला घराघरांत कॅलिपर म्हणतात, मूल उभे राहू लागण्याच्या आधीपासून घालावा लागतो आणि वाढत्या पायाबरोबर दर काही महिन्यांनी बदलावा लागतो. खेळ बंद करण्याची गरज नसते, आधार न घालता खेळणे मात्र बंद. मुले हा नियम मोडतात, हे सर्व डॉक्टरांना माहीत असते.

शस्त्रक्रियेनंतरचे आयुष्य शस्त्रक्रियेपेक्षा लांब असते, म्हणून तेथे थोडे रेंगाळणे भाग आहे. वसईच्या पश्चिमेला, हिरा डोंगरीच्या दत्तमंदिरामुळे ओळखल्या जाणाऱ्या गिरीजसारख्या गावात असे मूल जन्मले असे धरले, तर त्याचा पहिला एक्स-रे वसईतच निघू शकतो. महापालिकेचे सर डी. एम. पेटिट रुग्णालय आणि बंगलीचे कार्डिनल ग्रेशस मेमोरियल हॉस्पिटल जवळच आहेत. पण खोट्या सांध्याच्या शस्त्रक्रियेसाठी मुलांच्या हाडांचेच काम करणारा संघ लागतो, आणि त्यासाठी मुंबई गाठावी लागते. रिक्षा किंवा बसने वसई रोड स्थानक, तेथून चर्चगेटच्या गाडीने दादर किंवा प्रभादेवी, मग परळ. एरवी हा प्रवास वसईकरांच्या अंगवळणी पडलेला असतो. पायात इलिझारोव्हची कडी असलेल्या चार वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन विरार लोकलमध्ये चढणे ही मात्र निराळी गोष्ट. दिव्यांगांच्या राखीव डब्यातही त्या कड्यांना कोणाचा धक्का लागणार नाही याची खात्री नसते. चौकट महिनोन्‌महिने पायात राहते. तारा कातडीत शिरतात तेथील जागा रोज स्वच्छ कराव्या लागतात, तेथे लाली किंवा पू दिसला तर लगेच कळवावे लागते, आणि आटे फिरवण्याचे दिवसातून चार वेळचे काम बहुधा आईच करते. गुडघा आणि घोटा आखडू नये म्हणून व्यायाम लागतो, तो गावातच रोज करून घेणारा भौतिकोपचार तज्ज्ञ मिळाला तर मुंबईच्या निम्म्या खेपा वाचतात.

मुंबईत मुलांच्या हाडांच्या उपचारांची परंपरा जुनी आहे. परळचे बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय १९२९ पासून चालू आहे. फातिमा इस्माईल यांनी आपल्या मुलीला पोलिओ झाल्यावर १९४७ मध्ये या शहरात पोलिओग्रस्त मुलांसाठी उपचारकेंद्र सुरू केले, आणि त्याच धडपडीतून हाजी अलीजवळचे मुलांचे अस्थिरुग्णालय उभे राहिले. देशातील शेवटचा नैसर्गिक पोलिओचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात आढळला, आणि पोलिओने लुळ्या पडलेल्या पायांची रांग ओसरली. पोलिओच्या काळात कॅलिपर बनवणारे, सांधे सरळ करणारे, मुलांशी बोलण्याची कला अवगत असलेले जे मनुष्यबळ मुंबईत घडले त्याचा लाभ आता अशा दुर्मिळ विकारांच्या मुलांना व्हायला हवा. विरळ आजाराची मुले राज्यात विखुरलेली असताना प्रत्येक जिल्हा रुग्णालयाने ही शस्त्रक्रिया करून पाहणे शहाणपणाचे नाही. पहिली शस्त्रक्रिया हीच सर्वांत चांगली संधी असते. प्रत्येक अपयशानंतर हाड आणखी आखूड, पाऊल आणखी ताठ आणि कातडी आणखी चिवट होते. म्हणून अशी मुले राज्यातल्या मोजक्या केंद्रांकडेच जावीत.

जुळलेले हाड पुन्हा मोडणे ही या रोगातली इतकी नेहमीची घटना आहे की पालकांना ती आधीच सांगून ठेवायला हवी. सळई आत ठेवणे, आणि मूल वाढते तशी स्वतः लांबणारी दुर्बिणीसारखी सळई वापरणे, यामुळे धोका घटतो. बाहेरचा आधार वाढ पूर्ण होईपर्यंत चालू ठेवावा लागतो. बाहेर कललेला घोटा सरळ करण्यासाठी हाड जिथून लांबते त्या वाढीच्या थराच्या आतल्या बाजूला छोटी पट्टी व स्क्रू बसवून त्या बाजूची वाढ काही काळ रोखता येते. लांबीतला फरक थोडा असेल तर बुटाच्या तळव्याने, अधिक असेल तर हाड लांबवून किंवा चांगल्या पायाची वाढ योग्य वेळी थांबवून भरून काढतात. हे सगळे मिळून एका मुलावर वाढीच्या वयात चार-पाच वेळा भूल देण्याची पाळी येणे असाधारण नाही.

आणि काही मुलांच्या बाबतीत पाय काढणे हाच योग्य उपचार असतो. अनेक शस्त्रक्रियांनंतरही हाड जुळत नाही, पाय चांगलाच आखूड राहतो, पाऊल ताठ आणि वेदनामय झालेले असते, आणि मुलाचे सगळे बालपण प्लास्टर, रुग्णालय व बुडालेली शाळा यांत गेलेले असते, तेव्हा शल्यविशारद घोट्यापाशी पाय काढण्याचा सल्ला देतात. एडिंबरोच्या जेम्स साइम यांनी १८४३ मध्ये वर्णन केलेल्या त्या पद्धतीत टाचेची जाड कातडी राखली जाते, त्यामुळे उरलेल्या टोकावर भार घेता येतो आणि कृत्रिम पाय चांगला बसतो. जयपूर फूटच्या देशात हा पर्याय परका वाटायचे कारण नाही. तरी तो शब्द डॉक्टरांच्या तोंडून निघाला की घरचे दुसऱ्या डॉक्टरकडे, मग तिसऱ्याकडे जातात, आणि प्रत्येक ठिकाणी आणखी एक शस्त्रक्रिया पदरी पडते. दुसरे मत घेणे गैर नाही. परंतु अकरा वर्षांचे मूल कृत्रिम पायावर धावत असेल आणि त्याच वयाचे दुसरे मूल सातव्या शस्त्रक्रियेनंतर कुबड्यांवर असेल, तर पहिल्याचा उपचार फसला असे म्हणायचे की दुसऱ्याचा, हे आईवडिलांनी व डॉक्टरांनीही मोकळेपणाने बोलावे.

उपचारांचा खर्च सोसण्यासाठी महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, आणि हालचालीचे कायम व्यंग चाळीस टक्क्यांहून कमी नसेल तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याखालील सवलतींसाठी प्रमाणपत्र मिळू शकते. अशा कागदपत्रांसाठी मोठ्या रुग्णालयातील समाजसेवा विभागाकडे पहिल्याच भेटीत जावे. तेथील समाजसेवा अधीक्षक जे करू शकतात ते शल्यविशारदाला जमत नाही.

लहान मुलांच्या आरोग्य तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी देशासाठी सुरू झाला तो पालघरमध्येच. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, आणि स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. या कार्यक्रमाची फिरती पथके अंगणवाडीतील मुलांना वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांना एकदा तपासतात, तर नवजात बाळांना प्रसूतीच्या ठिकाणी व आशा कार्यकर्तीच्या घरभेटींत पाहिले जाते. तपासणीच्या यादीतील जन्मजात दोषांमध्ये वाकडे पाऊल आणि खुब्याचा निखळलेला सांधा ही दोन हाडांची दुखणी आहेत. वाकलेली नडगी नाही. इतक्या विरळ आजारासाठी यादीत स्वतंत्र रकाना हवा, असे म्हणणे अव्यवहार्य ठरेल. पण वाकडे पाऊल पाहण्यासाठी बाळाचा पाय हातात घेतलेलाच असतो, आणि त्याच वेळी नडगीवरून बोट फिरवायला काही सेकंदही लागत नाहीत. नडगी पुढे आणि बाहेर वाकलेली वाटली, विशेषतः अंगावर कॉफीच्या रंगाचे चट्टे असतील, तर एवढेच करावे: दोन्ही पायांचा एक्स-रे काढावा, पाय ओढू किंवा बांधू नये, कोणालाही हाड कापू देऊ नये, आणि बाळाला मुलांच्या हाडांच्या डॉक्टरकडे पाठवावे. पथकांच्या प्रशिक्षणात ही चार वाक्ये घालण्याची सुरुवात, जिथून हा कार्यक्रम निघाला त्या पालघर जिल्ह्याच्या आरोग्य विभागाने करावी.